कॅमेऱ्याला जात नसते म्हणे!

"फोटोग्राफी ही कला आहे, तिच्यात जात आणू नका." फोटो क्लबच्या बैठकांत आणि प्रदर्शनांच्या उद्घाटनांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की आता त्याचा समाचार घेतलाच पाहिजे. जात आणली कोणी? रविवारी सकाळी गळ्यात महागडा कॅमेरा अडकवून हौशी मंडळी निघतात, ती कुठे जातात? स्वतःच्या सोसायटीत नाही. स्वतःच्या आजोबांच्या सुरकुत्या त्यांना दिसत नाहीत. ती येतात आमच्या वस्तीत, वीटभट्टीवर, कचरा डेपोवर. तिथून काय नेतात? धुरातून उतरलेला उन्हाचा तिरका झोत, फाटक्या फ्रॉकातली पोरगी, विडी ओढणारा म्हातारा. त्याला स्पर्धेत पदक मिळतं आणि खाली शीर्षक लागतं, 'जगण्याची लढाई'. लढणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नसतं.

याला 'क्रिएटिव्ह चॉइस' म्हणतात. ठीक आहे, चॉइस म्हणता ना, मग त्याचा जाबही द्या. बसलेल्या माणसाचा फोटो उभ्यानेच का काढलात? गुडघे टेकले असते तर त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांसमोर आले असते. वरून काढलेल्या फोटोत माणूस लहान होतो, मान वर करून बघतो, मागणारा दिसतो. तो काही मागत नव्हता, तुम्हीच त्याला मागायला लावलंत. 'रूल ऑफ थर्ड्स' पाळायचा म्हणून भल्यामोठ्या रंग उडालेल्या भिंतीच्या कोपऱ्यात एक बाई बसवता. भिंत विषय होते आणि बाई तिची उंची कळावी म्हणून उरते. मावळत्या सूर्यासमोर डोक्यावर मोळी घेतलेली बाई हे तर कॅलेंडरवाल्यांचं लाडकं चित्र. चेहरा पूर्ण काळा, फक्त आकृती. प्री-वेडिंगमध्येही असे सिल्हुएट काढतात, मान्य. पण तिथे पैसे देणारा चेहरा स्वच्छ दिसणारे दोनशे फोटोही मागून घेतो. मोळीवालीला तो हक्क कोण देतं?

एका स्पर्धेत आमच्या एका पोराने आपल्या आईचा फोटो दिला होता. बाई सफाई कामगार. कामावरून आलेली, इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत ताठ बसलेली, नजर थेट कॅमेऱ्यात. परीक्षक म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या चांगला आहे, पण यात वेदना दिसत नाही." म्हणजे आमच्या आईने तुमच्या भिंतीवर यायचं तर रडतच यायचं!

आता प्रकाशाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे आणि आपली पोरंही तिथेच फसतात. कॅमेऱ्यातलं मीटर समोरचा सगळा उजेड मोजतं आणि त्याची सरासरी मधल्या राखाडी छटेवर आणून ठेवतं. पुस्तकांत ती छटा १८ टक्के परावर्तनाची धरतात. पांढरं लुगडं नेसलेली सावळी आजी भर उन्हात उभी असली की मीटर पांढऱ्याला भुलतं, उजेड फार झाला असं समजतं आणि फोटो अंधारा करतं. लुगडं राखाडी, आजीचा चेहरा काळाठिक्कर. त्यात दुपारचं ऊन डोक्यावर, म्हणजे डोळ्यांच्या खोबण्यांत सावली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर काढलेले हजारो फोटो बघा. पांढरा समुद्र दिसतो, माणसं दिसत नाहीत. चेहरा ओळखणारे नवे फोन थोडं सावरून घेतात, पण गर्दीत तेही गडबडतात.

यंत्र निष्पाप असतं असंही समजू नका. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी फोटो लॅबना एका गोऱ्या बाईचं चित्र असलेलं कार्ड पाठवायची. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी नीट उतरली की सगळं नीट, असा हिशेब. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर सविस्तर लिहिलं आहे. गडद तपकिरी छटा नीट येत नाहीत हे कंपनीने मनावर घेतलं ते चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केल्यावर. काळ्या माणसापेक्षा टेबलाची किंमत जास्त! गूगलने सावळ्या-काळ्या त्वचेसाठी 'रिअल टोन' नावाची सुधारणा आणली ती थेट २०२१ मध्ये.

पण दुसऱ्यांना झोडपून आपण सुटत नाही. जयंतीच्या फ्लेक्सवर कार्यकर्त्यांचे चेहरे कसे असतात? पावडर फासल्यासारखे. फ्लेक्सवाला बाबासाहेबांनाही गोरे-गुलाबी करून देतो आणि आपण त्याला हार घालतो. लग्नाच्या अल्बममध्ये "नवरीला जरा उजळ करा" हे आपणच सांगतो. एकीकडे क्लबवाला आपल्याला काळोखात ढकलतो, दुसरीकडे आपण स्वतःच स्वतःला पुसून टाकतो. आपला खरा रंग दोन्हीकडे गायब.

मार्ग आहेत, आणि ते दाखवणारे आपल्यासारखेच होते. गॉर्डन पार्क्स अमेरिकेतला काळा माणूस, रेल्वेच्या डब्यात वेटर होता, कॅमेरा स्वतःच शिकला. १९४२ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी इमारतीत झाडू मारणाऱ्या एला वॉटसन यांना त्याने अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा. सरळ, समोरून, चेहऱ्यावर पुरेसा उजेड. झेंडा मागे ठेवणं हीसुद्धा रचनाच होती, पण तिने आरोप केला तो देशावर. पुढे तो त्यांच्या घरी गेला, चर्चमध्ये गेला, मुलाबाळांत त्यांचे फोटो काढत राहिला. हार्लेमच्या रॉय डिकारावाचे फोटो तर फार अंधारे आहेत, पण त्या अंधारात चेहऱ्याची छटान्‌छटा शाबूत असते. म्हणजे काळोख वाईट नाही, कृष्णधवल वाईट नाही. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम कृष्णधवलच केलं, आणि त्यात कामगार आकृती होऊन उरत नाहीत.

तेव्हा मोबाईल हातात असलेल्या पोरापोरींनो, चेहऱ्यावर बोट ठेवा आणि स्क्रीनवरचं सूर्याचं चिन्ह वर सरकवा. कॅमेरा असेल तर एक्सपोजर +१ करा. लुगडं पांढरंफटक पडलं तर पडू द्या, आजी दिसली पाहिजे. दुपारी माणसाला उन्हातून मंडपाच्या कडेला, दाराच्या सावलीत आणा. समोर पांढरी भिंत किंवा कुणी धरलेली चादर असली तर डोळे उजळतात. ब्यूटी मोड बंद करा. आणि येत्या ६ डिसेंबरला गर्दी टिपायला उंच जागा शोधू नका, ते काम वर्तमानपत्रवाले करतातच. शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवर जा. जमिनीवर बसा. पुस्तक चाळणाऱ्या बाईला नाव विचारा, गाव विचारा, परवानगी घ्या, मग फोटो काढा आणि तिथल्या तिथे तिच्या मुलाच्या नंबरवर पाठवून द्या.