देस, वतन आणि देवळाली

देवळाली कॅम्पात मूळचा कोण, या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे. छावणी इंग्रजांनी वसविली. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहून येथे कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांमुळे ‘डूलॅली’ हा वेडसरपणाचा शब्द इंग्रजीत गेला. कोरड्या हवेसाठी मुंबईची पारशी व गुजराती कुटुंबे आली, लॅम रोडवर सॅनेटोरियमे उभी राहिली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पडली. आणि आपण कच्छ, काठियावाड, मारवाडातून व्यापारासाठी आलो.

‘तुम्ही बाहेरचे’ असे कोणी म्हटले, की आपल्याकडे अंजनेरीचा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे. त्र्यंबक रस्त्यावरील या गावी भग्न जैन मंदिरांमध्ये शके १०६३चा यादवकालीन शिलालेख असून, मंदिरास दुकानांचे उत्पन्न लावून दिल्याची त्यात नोंद आहे. परंतु तो दाता आपला पूर्वज नव्हे. अलीकडच्या काही पिढ्यांत येथे आलेल्या कुटुंबांनी त्या शिळेला आपला सातबारा समजू नये. भूमिपुत्रत्वच मोजायचे, तर त्या डोंगराभोवतीच्या महादेव कोळी आणि ठाकर बांधवांपुढे आपणच काय, नाशिकचे जुने पेठकरीही पाहुणे ठरतील!

शिलालेखातील मला मोलाचे वाटते ते निराळेच. ज्या पेठेत दुकाने, तिथल्याच मंदिराला त्यांचे उत्पन्न.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी गुजर-मारवाडी सावकारांची खतपत्रे जाळली. कर्जाचा जाच हे कारण होतेच. पण येथे मिळवून अन्यत्र नेणारा, ही सावकाराची प्रतिमाही त्या रोषामागे असावी, असे मला वाटते.

आजही मोठे दान निघते ते बहुधा देसाकडे, वतनाकडे: कुलूपबंद घर असलेल्या गावातील पांजरापोळीसाठी, जीर्णोद्धारासाठी. त्यात गैर काही नाही; ते ऋण मानलेच पाहिजे. मात्र इगतपुरी-त्र्यंबककडच्या पाड्यावरून आपल्या दुकानी पोती उचलायला येणाऱ्या माणसाच्या मुलीचे शिक्षण, त्याच्या घरचे आजारपण आपण कोणत्या खात्यावर टाकतो? साधारण खात्यात ते बसत नाही, जीवदयेच्या खात्यात तर नाहीच. बहुतेक पेढ्यांच्या वहीत त्याच्या नावापुढे एकच नोंद आढळते, आणि ती उचलीची असते.