आजारी कामगार आणि ‘मानलेला’ राजीनामा

दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या नोकराला कामावरून काढावे, असे उघडपणे म्हणणारा मालक विरळाच. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचे 73 वे कलम आजाराच्या रीतसर दाखल्यानिशी गैरहजर असलेल्या कामगाराच्या बडतर्फीस मनाई करीत होते. तथापि कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे लेखी सेवानियमांत, बहुधा आणखी एक तरतूद आढळते : रजेवाचून सलग अमुक दिवस गैरहजर राहणाऱ्याने नोकरी सोडली असे मानले जाईल. मालक काढीत नाही. कामगारच सोडून जातो!

मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतील एक कामगार जानेवारी 1957 मध्ये थोड्या दिवसांच्या रजेवर गेला आणि आजारी पडला. मार्चमध्ये त्याने सरकारी डॉक्टरचा दाखला सादर केला, परंतु तोवर आठ दिवसांची मुदत उलटून गेली होती. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरणीच्या बाजूने निकाल दिला. स्थायी आदेशान्वये आपोआप संपणाऱ्या नोकरीला 73 व्या कलमाचे संरक्षण नाही, असा अर्थ न्या. गजेंद्रगडकर यांनी लावला. कामगारांच्या प्रश्नांची त्यांच्याइतकी जाण असलेले न्यायाधीश थोडेच झाले, म्हणून हा निकाल अधिक खटकतो. अशा कामगाराचे नाव कमी करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, हे त्याच न्यायालयाने यादव खटल्यात सांगितले, ते 1993 साली.

मालकाची अडचण खोटी नव्हे. पाच माणसांच्या आस्थापनेत एक माणूस खाटेवर पडला की पाचवा हिस्सा काम अडते. परंतु राज्य विमा असेल तेथे आजारातील वेतनाचा भार मालकावर पडत नाही. 2019 मध्ये ठरलेल्या दरांनुसार मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का वर्गणी भरतो, आणि त्या निधीतून वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. मालकाने सोसायची ती बदली माणूस शोधण्याची तसदी. उलट, काढलेल्या कामगाराच्या घरात औषधांचा खर्च वाढतो नेमका त्याच वेळी मिळकत थांबते. जोखीम पेलण्यास सर्वांत असमर्थ असलेल्याच्या माथी ती मारणे, याला काटकसर म्हणता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि स्थायी आदेशांची सक्ती 300 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती उरली. इतरत्र नेमणूकपत्रातील बारीक टाइपच नियम ठरतो. नाव कमी करण्यापूर्वी घरच्या पत्त्यावर नोटीस आणि सरकारी डॉक्टरकडून तपासणी, एवढी अट राज्य सरकारने या लहान आस्थापनांनाही घालावी.