सहावीतल्या मुलाला सातवीचा प्रश्न

या महिन्याच्या टपालात एकाच तक्रारीची बरीच पत्रे आहेत. सहावीत पूर्णांक संख्यांचा घटक चालू असतो, तपासणी येते, एका मुलाला उभे करून 'वजा गुणिले वजा किती?' असे विचारले जाते. मूल गप्प राहते आणि शेरेबुकात 'मूलभूत नियम पक्के करून घ्यावेत' असा शेरा पडतो. २०१६ साली आलेल्या बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात पूर्णांकांचा लहानमोठेपणा, बेरीज आणि वजाबाकी आहे. गुणाकार-भागाकाराचे प्रकरण सातवीत आहे. वर्ग तपासायला येणाऱ्याने त्या इयत्तेचे पुस्तक आधी उघडून पाहायला नको का?

शेरा एका ओळीचा, पण त्याची धास्ती वर्षभर पुरते. पुढच्या तपासणीत नको ती बोलणी म्हणून शिक्षक सहावीतच 'वजा वजा अधिक' घोकून घेतात. मग सातवीत तेच मूल −३ − ५ चे उत्तर बेधडक +८ लिहिते. दोन वजा दिसले की अधिक, एवढेच त्याच्या डोक्यात बसलेले असते. नियम गुणाकाराचा, लावला बेरजेला. पुढे त्याच वर्षी बैजिक राशी आल्या की हीच चूक अक्षरांसकट परत येते आणि तोवर ती उपटून काढणे फार जड जाते.

ज्यांनी घाई केली नाही, त्यांच्या वर्गातले काम पाहा. दोन रंगांची बटणे घ्यायची, पांढरे +१ आणि काळे −१. एक पांढरे आणि एक काळे मिळून शून्य. (−५) − (−३) करताना पाच काळ्यांतून तीन काळी उचलली की −२ समोरच उरतात, नियम आठवावा लागत नाही. खरी मेख २ − (−३) मध्ये आहे. उचलायला काळे बटणच नाही! इथे शिक्षकाने उत्तर सांगून टाकू नये. शून्याच्या तीन जोड्या मांडाव्यात असे कुणाला तरी सुचेपर्यंत थांबावे. त्या जोड्यांतली काळी उचलली की पाच पांढरी उरतात, आणि वजा करणे म्हणजे विरुद्ध संख्या मिळवणे हे मुलाला हातानेच कळते. यात दोन-तीन तासिका जातात. जाऊ द्याव्यात. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्यावरील क्रियांचे नियम लिहिले, तरी युरोपातले काही जाणकार गणिती अठराव्या शतकापर्यंत ऋण संख्या मानायला तयार नव्हते. अकरा वर्षांच्या मुलाकडून ती एका तासिकेत मान्य करून घ्यायची?

सातवीतही नियम आधी नको. (−३) × २, (−३) × १, (−३) × ० ही उत्तरे एकाखाली एक लिहिली की ती तीन-तीनने वाढताना दिसतात. पुढची ओळ (−३) × (−१) मुलेच भरतात. ज्यांना कारण हवे असेल, त्यांच्यासाठी वितरणाचा गुणधर्म आहे: (−३) × [५ + (−५)] शून्य यायला हवे, पहिला गुणाकार −१५ आहे, म्हणून दुसरा +१५ असलाच पाहिजे. हा गुणधर्म केवळ व्याख्या लिहिण्यापुरता नाही, तो इथे कामाला येतो.

आपल्यातल्या काहींनाही सांगणे आहे. गाइडमधली चिन्हांची चौकट फळ्यावर उतरवून घटक संपवणारे शिक्षक थोडे नाहीत, आणि त्यांना तपासणीचे कारण पुढे करता येणार नाही.

येत्या शिक्षण परिषदेला जाताना सहावी-सातवीच्या पाच-सहा वह्या सोबत न्या. −३ − ५ = +८ असे लिहिलेले पान केंद्रप्रमुखांसमोर ठेवा आणि 'या शेऱ्यामुळे हे घडले' असे तोंडावर, आदराने पण स्पष्ट सांगा. पुस्तकाबाहेरच्या प्रश्नावरून शेरा पडला असेल, तर त्याखाली इयत्ता आणि प्रकरण नमूद करून आपला लेखी खुलासा त्याच दिवशी द्या. मुलांची नावे झाकून त्या पानांचे फोटो आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची आठ पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.