सत्तरीतले शिष्यत्व

वऱ्हाडात भजनाला बसलेला माणूस फार वेळ नुसता श्रोता राहत नाही. पेटी सुरू झाली, तबल्यावर ठेका धरला गेला, की त्याचा हात आपोआप मांडीवर पडू लागतो. चाळीस-चाळीस वर्षे असा मांडीवर ताल धरणारी, पण वाद्याला कधी हात न लावलेली माणसे अमरावती-अकोल्याच्या गावोगावी आढळतात. शेती, नोकरी, मुलांची शिक्षणे, लेकींची लग्ने यांतून सवड मिळते तेव्हा वय पासष्ट-सत्तर झालेले असते. मग एखाद्या संध्याकाळी मनात येते, आता शिकावे काय? आणि लगेच दुसरा विचार येतो, या वयात लोक काय म्हणतील?

लोक काय म्हणतील याची चिंता निदान या प्रांतात तरी करण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीसारखे लहानसे चर्मवाद्य हाती घेऊन अवघा मुलूख जागा केला. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९६८ साली त्यांचे निर्वाण झाले, तरी खंजिरी भजनाची परंपरा आजही या भागात जिवंत आहे. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराजांनी तर एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवीत समाजप्रबोधनाचे कीर्तन लोकप्रिय केले. लाकडी कडे, एका बाजूला ताणून बसविलेले कातडे आणि कडेच्या खाचांतून लावलेल्या लहान झांजा एवढाच खंजिरीचा संसार. तबल्याची रचना अधिक गुंतागुंतीची असते. पण दोहोंचा नाद येथील ज्येष्ठांच्या कानात बालपणापासून मुरलेला असतो. कान तयार असतो, हात मात्र नवा असतो. उतारवयातील नवशिक्याची खरी स्थिती ही अशी असते.

येथेच शिक्षकाचा प्रश्न येतो. आज मोबाइलवर धड्यांच्या चित्रफिती विपुल आहेत. त्या न कंटाळता पुन्हापुन्हा पाहता येतात, हा त्यांचा गुण. पण चित्रफीत आपल्याला दिसते, तिला आपण दिसत नाही. तबल्यावरील ‘ना’ हा साधा बोल घ्या. अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकवून तर्जनीने चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, आघात करायचा असतो. नवशिका अनामिका दाबून धरतो, खांदा कानाशी नेतो, श्वास रोखतो आणि जोर लावतो. नाद बसका निघाला की आणखी जोर लावतो. शिक्षक हे समोरून पाहतो आणि म्हणतो, ‘खांदा सोडा, बोट पडू द्या.’ एवढ्याने नाद मोकळा होतो आणि मनगटावरचा ताणही वाचतो. तीच गोष्ट लयीची. बोल सोपा आला की हात धावतो, अवघड आला की रेंगाळतो. वाजविणाऱ्याला हा फरक ऐकू येत नाही, कारण त्याचे सारे लक्ष बोटांकडे असते. तो ऐकण्यासाठी दुसरा कान लागतो.

परंतु गुरूची गरज केवळ तंत्रापुरती नाही. वय वाढते तसे माणसाला चूक दाखविणारे कमी होत जातात. आई-वडील गेलेले असतात, वरिष्ठ मागे पडलेले असतात. घरातील मंडळी प्रेमापोटी सांभाळून घेऊ लागतात. बाबांनी हिशेबात गफलत केली, तर मुलगा गुपचूप दुरुस्त करतो. आईची भाजी खारट झाली, तर सून काही बोलत नाही. यात माया आहे, पण या मायेतून नकळत असाही निरोप पोहोचतो की आता तुमच्याकडून कोणाची काही अपेक्षा उरलेली नाही. ज्येष्ठांच्या उदासीनतेमागे अनेकदा हीच बोच असते. अशा वेळी आठवड्यातून दोनदा कोणी तरी समोर बसतो आणि स्पष्ट सांगतो, ‘काकाजी, पाचवी मात्रा गेली. पुन्हा.’ या ‘पुन्हा’त कमीपणा मुळीच नाही. हा माणूस अजून सुधारू शकतो, असा विश्वास त्या एका शब्दात असतो. उतारवयात शिष्य होण्याचे मोल मला येथे दिसते.

यात एक सामाजिक अडचण आहे. शिक्षक बहुधा वयाने लहान, कधी नातवाच्या वयाचाही असतो. वडीलधाऱ्यांना टोकणे त्याला जड जाते. तो ‘छान, छान’ म्हणून पुढे सरकतो आणि सहा महिन्यांनी हात तेथेच राहतो. म्हणून पहिल्याच दिवशी शिष्याने मोकळीक द्यावी: ‘सर, वय बाजूला ठेवा, चुकेल तेथे थांबवा.’ शिक्षक निवडतानाही हीच कसोटी लावावी. तो स्वतः किती जलद वाजवितो याला फारसे महत्त्व नाही. तो किती संथ लयीत थांबू शकतो, एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगू शकतो काय आणि आपले म्हणणे ऐकून घेतो काय, ते पाहावे. मंडळातला जुना तबलजी असो वा संगीत विद्यालयातील शिक्षक, दोन धडे घेऊन मगच निर्णय करावा. प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा ज्यांना हव्या त्यांनी अवश्य द्याव्यात, पण आरंभीच परीक्षेचा धोशा नको.

पहिल्या महिन्यात काय अपेक्षावे? चांगला शिक्षक वाद्याआधी तोंड आणि टाळी वापरतो. आपल्या परंपरेत बोल आधी म्हणायचे असतात. त्याला पढंत म्हणतात. केरव्याच्या आठ मात्रा घ्या: धा गे न ती, न क धी न. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर खाली, म्हणजे हात बाजूला उलगडायचा. घड्याळाच्या सेकंदकाट्याच्या प्रत्येक टिकटिकीला एक मात्रा धरली, तर एक आवर्तन आठ सेकंदांत होते. नवशिक्यासाठी ही लय उत्तम. दादऱ्याच्या सहा मात्रा त्यानंतर. सोळा मात्रांचा त्रिताल, म्हणजे पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी व नवव्या मात्रेला खाली, पुढे सावकाश येऊ द्यावा. ज्यांची बोटे संधिवाताने आखडलेली आहेत किंवा पक्षाघातानंतर एक हात दुबळा आहे, त्यांनाही पढंत व एका हाताने मांडीवर टाळी देणे जमण्यासारखे आहे. वाद्य हाती आले नाही म्हणून तालाचा अभ्यास अडत नाही.

सराव थोडा पण रोजचा असावा. सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे हे रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा हिताचे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हा शिकवणी सकाळी लवकर ठेवावी आणि जवळ पाण्याचा तांब्या असावा. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने कातडे सैल पडते आणि नाद उतरतो. तो दोष हाताचा नसतो. तबला स्वरात मिळविण्याचे काम आरंभी शिक्षकाकडेच राहू द्यावे.

याचा आरोग्याला उपयोग किती? येथे उत्साहाच्या भरात फार मोठे दावे करू नयेत. ताल नुसता ऐकताना देखील मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग जागृत होतात, हे संशोधनातून दिसले आहे. १९९६ साली अमेरिकेतील मायकेल थॉट व सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांकडून तीन आठवडे ठरावीक तालावर चालण्याचा सराव करून घेतला, तेव्हा त्यांचा चालण्याचा वेग आणि पावलांची लांबी सुधारली. २००३ साली न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. वाचन, बैठे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. मात्र वाद्यामुळेच ते कमी झाले, असे अशा पाहणीवरून म्हणता येत नाही. ज्यांची प्रकृती मुळात बरी होती तेच वाद्य वाजवू शकले, असेही असू शकते. म्हणून तबला शिकू लागलो तरी रक्तदाबाची गोळी आणि फिरायला जाणे चालूच ठेवावे. ताल औषधांच्या जागी येत नाही, त्यांच्या सोबतीला येतो.

काही पथ्ये मात्र आवर्जून पाळावीत. मांडी घालून बसवत नसेल किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर बिनहाताच्या खुर्चीवर बसून तबला स्टँडवर ठेवावा. त्यात परंपरेचा काही भंग होत नाही. जमिनीवर बसत असल्यास वीस मिनिटांनी पाय मोकळे करावेत आणि उठताना घाई करू नये. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. मधुमेहींनी बोटांची टोके रोज पाहावीत. संवेदना कमी झालेली असल्यास लहान जखम लक्षात येत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या हातावर काळेनिळे डाग उमटू लागले, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. खंजिरी धरणारा हात वाजविणाऱ्या हाताआधी थकतो, म्हणून आरंभी पाच मिनिटेच धरावी. मनगट किंवा खांदा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिला, तर ते शिक्षकाला जरूर सांगावे. बहुधा बसण्याची वा आघाताची पद्धत बदलावी लागते. मंडळात ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर बसू नये. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाजाची मर्यादा आठवड्याला ४० तास सांगितली आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी संगीत ऐकण्यासाठी त्यात वेगळी जुळणी करता येते काय, हे तज्ज्ञाला विचारावे.

आता घरच्यांविषयी. आजोबांनी पहिल्यांदा डग्ग्यावर हात ठेवला की नातवंडे मोबाइल काढतात आणि चित्रफीत नातेवाइकांच्या गटावर जाते. हेतू कौतुकाचा असतो, पण शिकणाऱ्याला अजून न जमलेली गोष्ट जगाला दाखवायची नसते. त्याला विचारल्याशिवाय ते करू नये. सरावाची वेळ ठरली की त्या वेळी बाजाराची पिशवी त्याच्या हाती देऊ नये. आवाजाचा त्रास होत असेल, तर ते स्वच्छ सांगून दुसरी वेळ ठरवावी, तोंड वाकडे करू नये. घरात स्मृतिभ्रंशाची व्यक्ती असेल, तर तिच्यासाठी धडा, परीक्षा, प्रगती हे शब्दच नकोत. नावे विसरलेल्या माणसाच्या हातातही परिचित भजनाचा ताल अनेकदा टिकून असतो. शेजारी बसून, तिच्या लयीत, तिच्यासोबत टाळी द्यावी. ती थांबली की आपणही थांबावे.

आणि काळजी घेणाऱ्यांनाही याच शिकवणीत जागा आहे. दिवसभर औषधांच्या वेळा सांभाळणारी सून किंवा मुलगी आठवड्यातील एका धड्याला शेजारी बसून बोल म्हणू लागली, तर त्या अर्ध्या तासापुरती दोघीही शिकणाऱ्या होतात. कोणी कोणाची सेवा करीत नाही, दोघीही सारख्याच चुकतात. रोज सेवा घेणाऱ्या आणि सेवा करणाऱ्या नात्याला एवढी मोकळी हवा फार लागते.

शिकवणीहून परतलेल्या वडिलांना ‘मजा आली का?’ असे लहान मुलाला विचारावे तसे विचारू नका. ‘आज सरांनी काय दुरुस्त केले?’ असे विचारा. मग बसा आणि त्यांना सांगू द्या. पाचव्या मात्रेचे सारे गाऱ्हाणे सावकाश ऐका. जमले तर एक आवर्तन त्यांच्याकडून स्वतःही शिकून घ्या.