भिंगाला दोष देण्यापूर्वी

विद्यार्थिमित्रांनो, बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांनी केला असेल. मेणबत्ती, पडदा, मोजपट्टी आणि एक निर्दोष भिंग एवढेच साहित्य. भिंगाच्या पाकिटावर ‘१० सेंमी’ असे लिहिलेले असते आणि वहीतली सरासरीही नेमकी १० सेंमी येते. एखाद्याची ११.४ आली, तर तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि गुपचूप आकडा सुधारतो. या प्रयोगाने सूत्र पाठ होते, पण समोरचे भिंग चांगले की वाईट हे ठरवायचे कसे, ते काही कळत नाही.

माझे मत असे आहे की, प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत एक तरी बिघडलेली मांडणी मुद्दाम ठेवावी आणि तिचे निदान करण्याला गुण द्यावेत. हे म्हणणे विचित्र वाटेल. म्हणून आमच्या मीरा-भाईंदर भागात नेहमी आढळणाऱ्या एका उदाहरणावरून ते स्पष्ट करतो.

एकच कड धूसर

आमच्या शहराच्या उत्तरेला वसईची खाडी आहे, पश्चिमेला उत्तनचा समुद्रकिनारा आहे आणि इमारतींच्या गर्दीतूनही मिठागरे व खारफुटी अजून टिकून आहेत. तेथे बगळे, शेकाट्या आणि थंडीत येणारे कुरव पाहावयास मिळतात. त्यांची छायाचित्रे घेण्याचा नाद अनेक मुलांना लागतो. पक्षी जवळ येऊ देत नाहीत, तेव्हा टेलिफोटो झूम भिंग हवे. नवे परवडत नाही. मग मुंबईच्या बोरा बाजारातून किंवा ओळखीच्या कोणाकडून वापरलेले भिंग घेतले जाते. त्यात बहुधा दोन-तीन वर्षांची बचत गेलेली असते.

चार दिवसांनी लक्षात येते की, छायाचित्राची डावी कड रेखीव आहे, पण उजवी कड धूसर आहे. लगेच निकाल लागतो, ‘भिंग पडलेले आहे, विकणाऱ्याने फसवले!’ कदाचित ते खरेही असेल. पण हा निकाल पुराव्यावर दिला की रागावर? एका बाजूला मुलाने साठवलेले पैसे आहेत, तर दुसऱ्या बाजूला विकणाऱ्याचा प्रामाणिकपणा पणाला लागलेला आहे. दोघांनाही न्याय मिळायचा असेल, तर भौतिकशास्त्राला साक्षीला बोलावले पाहिजे.

भिंगाच्या पोटात

झूम भिंग हे एक भिंग नसून भिंगांची पलटणच असते. छोट्या छायाचित्रण कॅमेऱ्यासाठी १९५९ साली ‘झूमार’ हे पहिले झूम भिंग आले, तेव्हापासून ही रचना अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली आहे. आजच्या ७० ते ३०० मिलिमीटरच्या भिंगात दहा-पंधरा काचा सहज असतात. त्या तीन-चार गटांत बसवलेल्या असतात. झूमचे कडे फिरवले की हे गट नळीतील खाचांतून पुढे-मागे सरकतात. या साऱ्या काचांची केंद्रे मात्र सदैव एकाच अक्षावर राहिली पाहिजेत.

भिंग हातून पडले किंवा खाचा झिजल्या, तर दोन प्रकार घडू शकतात. एखादा गट अक्षापासून बाजूला ढळतो किंवा तो किंचित कलतो. गट कलला की बहुधा प्रतिमेचे प्रतलही कलते. मग एका कडेची प्रतिमा सेन्सरच्या थोडी पुढे आणि दुसऱ्या कडेची थोडी मागे पडते.

एक लक्षण, अनेक कारणे

आता एक गणित करू. ३०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या भिंगासमोर १० मीटरवर एक भिंत आहे. भिंगाच्या सूत्रानुसार तिची प्रतिमा ३०९.२८ मिलिमीटरवर पडते. समजा, आपण भिंतीसमोर थोडे तिरके उभे आहोत आणि तिची उजवी बाजू डावीपेक्षा केवळ १० सेंटिमीटर दूर आहे. त्या बाजूची प्रतिमा ३०९.१८ मिलिमीटरवर पडेल. फरक झाला ०.१ मिलिमीटरचा. डाव्या बाजूवर फोकस साधला असेल आणि अपर्चर एफ/५.६ असेल, तर उजवीकडचा प्रत्येक बिंदू सुमारे १६ मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्याएवढा पसरेल. आजच्या अनेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरील प्रकाशकण टिपणारा एकेक चौकोन सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. म्हणजे बिंदू चार चौकोनांवर पसरला, आणि कड धूसर दिसली.

भिंग ठणठणीत असूनही हे घडले. उलट, आतला गट कलल्यामुळे प्रतिमा ०.१ मिलिमीटर सरकली असती, तरी छायाचित्र असेच दिसले असते. केवळ एका छायाचित्रावरून कोणता दोष आहे हे कोणालाही सांगता येणार नाही. ताप आला म्हणजे हिवताप झालाच असे डॉक्टर म्हणत नाहीत, ते रक्त तपासतात. तसेच हे आहे.

एका वेळी एकच बदल

आता तपासणीची पद्धत पाहू. कॅमेरा मजबूत तिपाईवर लावा. भिंगापुढे स्वस्त फिल्टर असेल तर तो काढा. भिंगात कंपन रोखणारी यंत्रणा असल्यास ती बंद करा. अपर्चर पूर्ण उघडे ठेवा. हे महत्त्वाचे आहे, कारण अपर्चर लहान केले की दोष झाकला जातो. ०.१ मिलिमीटरच्या चुकीमुळे एफ/५.६ ला साधारण १८ मायक्रॉनचा ठिपका पडत असेल, तर एफ/११ ला तो ९ मायक्रॉनचाच पडतो. एफ/२२ ला तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सर्वच बिंदू ३० मायक्रॉनच्या आसपास पसरतात. सगळेच सारखे धूसर झाले, की एक कड अधिक धूसर आहे हे कळणार कसे? म्हणून नमुना म्हणून दाखवलेले छायाचित्र कोणत्या अपर्चरला घेतले आहे, हे विकत घेताना अवश्य विचारावे.

पहिली चाचणी अगदी सोपी आहे. भिंतीचे एक छायाचित्र घ्या. मग कॅमेरा भिंगासकट उलटा करून दुसरे घ्या. धूसरपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला, तर दोष भिंतीच्या तिरकेपणाचा. तो भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष कॅमेऱ्यात किंवा भिंगात आहे.

दुसरी चाचणी या दोहोंना वेगळे करते. त्याच कॅमेऱ्याला दुसरे भिंग लावा. त्याचीही तीच कड धूसर आली, तर कॅमेऱ्याचा सेन्सर किंवा भिंग बसवण्याचे कडे तिरके असण्याची शक्यता अधिक. दुसरे भिंग निर्दोष ठरले, तर संशय पहिल्यावर पक्का होतो.

तिसऱ्या चाचणीत भिंतच वगळून टाकू. दूरच्या एखाद्या मनोऱ्याची जाळी किंवा गच्चीवरील पाण्याच्या टाकीवरची अक्षरे निवडा. लोकांच्या खिडक्यांकडे भिंग रोखू नका, आणि सूर्याकडे तर कधीच नाही. टेलिफोटो भिंगातून सूर्य पाहिल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो. ही तपासणी सकाळी लवकर करावी. दुपारी मिठागरांवरची तापलेली हवा थरथरते आणि निर्दोष भिंगाचे चित्रही लहरते. आता कॅमेरा वळवून ती एकच वस्तू आळीपाळीने चौकटीच्या मध्यभागी, डाव्या कडेला व उजव्या कडेला आणा. प्रत्येक ठिकाणी हाताने फोकस करून ती जास्तीत जास्त रेखीव करा आणि कड्याची स्थिती टिपून ठेवा.

यातून तीन निष्कर्ष निघू शकतात. दोन्ही कडा एकाच स्थितीत रेखीव होतात, पण मध्यासाठी वेगळी स्थिती लागते. असे असेल तर प्रतिमेचे क्षेत्र वक्र आहे. तो रचनेचाच गुण आहे, त्यात विकणाऱ्याचा काय दोष? डाव्या आणि उजव्या कडेसाठी वेगवेगळ्या स्थिती लागल्या, तर प्रतिमेचे प्रतल कललेले आहे. आणि एखादी कड कोणत्याही स्थितीत रेखीव होतच नसेल, तर एखादी काच अक्षावरून ढळलेली असण्याचा संभव मोठा. ही सारी तपासणी ७०, १३५, २०० आणि ३०० मिलिमीटरवर करावी आणि प्रत्येक वेळी झूम फिरवून परत आणून तीनदा करावी. दर खेपेस उत्तर बदलत असेल, तर आतला गट खिळखिळा झाला आहे.

शेवटची चाचणी रात्रीची. जाड कागदाला चिकटवलेल्या अॅल्युमिनियमच्या वर्खाला टाचणीने छिद्र पाडा, मागे विजेरी धरा आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हा कृत्रिम तारा ठेवा. तो चौकटीच्या अगदी मध्यभागी आणून फोकस थोडा बिघडवा. बिंदूची चकती होईल. भिंग नीट जुळलेले असेल, तर चकती सर्व बाजूंनी सारखी दिसेल. ती एकीकडे अधिक उजळ असेल किंवा बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी फुटली असेल, तर सममिती बिघडली आहे. अक्षावरच्या प्रतिमेला डावे-उजवे असे काही नसते. तेथे पक्षपात दिसला, की काचा रांगेत नाहीत असे समजावे.

ताऱ्याने दिलेली साक्ष

ही खेळण्यातली चाचणी नव्हे. जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा प्रत्येक परावर्तक दुर्बिणीचे आरसे परस्परांशी काटेकोरपणे जुळवावे लागतात आणि जुळणी साधली की नाही, हे शेवटी ताऱ्याची प्रतिमाच सांगते.

हबल दुर्बिणीची हकीकत तर अधिक बोलकी आहे. २४ एप्रिल १९९० रोजी ती अवकाशात सोडली गेली. पहिल्या प्रतिमांत ताऱ्यांभोवती धूसर वलय दिसले. त्या प्रतिमांचा अभ्यास केल्यावर शास्त्रज्ञांनी ओळखले की, हे गोलीय विपथन आहे. आरशाला चुकीचा आकार दिला गेला आहे. २.४ मीटरच्या त्या आरशाची कड सुमारे २ मायक्रॉनने अधिक सपाट झाली होती. घासताना आरसा तपासणाऱ्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसवले होते, हे त्याचे मूळ. आणखी एक गोष्ट चौकशीत उघड झाली. इतर साध्या चाचण्यांनी दोष आधीच दाखवला होता. पण त्या चाचण्याच कमी अचूक, असे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दोष भरून काढणारी उपकरणे बसवली. दोषाचे निदान अचूक झाले होते, म्हणूनच त्यावर नेमका उतारा सापडला.

शेजाऱ्याची वही पाहून ११.४ चा १० करणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. न पटणारा आकडा पुसून टाकायची सवय शाळेत लागते आणि तिची किंमत कधी कधी अवकाशात मोजावी लागते.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकबंधुभगिनींनो, यासाठी महागडे भिंग लागत नाही. मेणबत्तीऐवजी मच्छर रोखणाऱ्या जाळीचा चौकोनी तुकडा घ्या, मागून विजेरीचा उजेड टाका आणि नेहमीच्या बहिर्गोल भिंगाने तिची प्रतिमा पडद्यावर पाडा. मग विद्यार्थी येण्यापूर्वी जाळी, भिंग किंवा पडदा यांपैकी एकच वस्तू थोडी तिरकी करून ठेवा. जाळीच्या प्रतिमेचा काही भाग रेखीव दिसेल, काही धूसर. दोषी कोण, हे मुलांनी मोजपट्टीला हात न लावता शोधायचे. एका वेळी एकच वस्तू हलवायची, काय बदलले ते लिहायचे आणि कारण सांगायचे. उत्तर चुकले तरी युक्तिवाद बरोबर असेल, तर गुण द्यावेत.

‘अभ्यासक्रम पुरा करायलाच तास पुरत नाहीत, त्यात हे कधी करायचे?’ असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच पाकिटावर लिहिलेले असते, त्यालाही आपण दोन तास देतोच. त्यांतला एक तास या कामाला द्यावा, एवढेच माझे मागणे आहे.

आणि वापरलेले भिंग घेणाऱ्या मित्रांनो, पैसे देण्यापूर्वी परत करण्याची मुदत ठरवून घ्या आणि तिच्या आत या चाचण्या करा. दोष सिद्ध झाला, तर छायाचित्रे व नोंदी समोर ठेवा. आरडाओरडा करण्याची गरज पडणार नाही. भिंग स्वतः उघडू नका. काचा पुन्हा रांगेत आणणे हे जाणत्या कारागिराचे आणि योग्य उपकरणांचे काम आहे. दुरुस्ती परवडत नसेल, तर एफ/८ किंवा एफ/११ वापरा आणि पक्षी मध्यभागी ठेवा. भिंग पुष्कळ दिवस साथ देईल. पुढे ते विकाल, तेव्हा कोणती कड, किती मिलिमीटरवर धूसर येते, हे घेणाऱ्याला आधीच सांगा. तुम्ही केलेल्या नोंदी त्याच्याही उपयोगी पडतील.