भवानीचे फळ

सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे अडत केलेले अण्णा मालाची पारख नजरेने करीत. तरीही २०२२ च्या जानेवारीत, लेस्टर येथील लेकीच्या घरी, त्यांची नजर एकदा पुरती फसली. लेकीच्या बाळंतपणासाठी उभयता तिकडे गेले होते. नात सहा आठवड्यांची झाली होती. तिच्या जन्माची आठवण म्हणून घरामागच्या लहानशा बागेत एखादे फळझाड लावावे असे जावयांच्या मनात आले आणि त्यांनी रोपवाटिकेतून नासपती मागवली. तागाच्या कापडात गुंडाळून जे आले ते पाहून अण्णा थक्क झाले. कुंडी नाही, मातीचा गोळा नाही, पान तर नाहीच. छातीइतक्या उंचीची एक वाळकी काठी आणि तिच्या एका टोकाला उघड्या मुळांचा झुपका. किंमत ३० पौंड. अण्णांनी मनातल्या मनात रुपये केले.

"बाई, तीन हजाराला हे सरपण घेतलंत?"

ते सरपण नव्हते. थंड प्रदेशातील पानगळीची झाडे हिवाळ्यात विश्रांती घेतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात त्यांची मुळे मातीतून मोकळी केली तरी झाडाला कळत नाही, म्हणून तिकडे रोपांची विक्री अशी उघड्या मुळांनी होते आणि ती कुंडीतल्या रोपांपेक्षा स्वस्तही पडते. अट एकच: मुळे सुकता कामा नयेत. लावण्यापूर्वी ती थोडा वेळ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी लागतात. नासपतीला ही थंडीची झोप मिळाली नाही तर पुढे फुलोरा धड येत नाही. आपल्याकडे ती काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि निलगिरीच्या डोंगरात पिकते, कृष्णाकाठी पिकत नाही, याचे कारण हेच. पंजाबच्या मैदानात कमी थंडीवर भागवणारे वाण आहे, पण तो अपवाद.

रोपाला बांधलेल्या चिठ्ठीवर वाणाचे नाव होते कॉन्फरन्स. फळाला सभेचे नाव कसे, असे अण्णांनी विचारले तेव्हा उत्तर शेजारच्या वृद्ध इंग्रज गृहस्थांकडून मिळाले. हर्टफर्डशायरमधील रिव्हर्स नावाच्या रोपवाटिकेने हा वाण तयार केला आणि १८८५ साली भरलेल्या ब्रिटिश नासपती परिषदेवरून त्याला नाव पडले. लांबट, काहीसे बाटलीच्या घाटाचे, तपकिरी छटेचे हिरवे फळ. दिसायला साधे, पण इंग्लंडमध्ये आजही सर्वांत अधिक हीच नासपती लावली जाते. चिठ्ठीवर दुसरी ओळ होती ती खुंटाची. नासपती स्वतःच्या मुळांवर वाढली तर उंच वृक्ष होते आणि फळाला बरीच वर्षे लावते. म्हणून तिचे कलम दुसऱ्याच झाडाच्या खुंटावर करतात आणि ते झाड म्हणजे बिही. अण्णांचे डोळे चमकले. खोकल्यावर भिजवून घ्यायचा बिहीदाणा काष्ठौषधींच्या दुकानात त्यांनी जन्मभर पाहिला होता. त्याचे झाड परदेशात नासपतीचे पाय होऊन उभे राहते ही वार्ता त्यांना नवी होती. बिहीच्या खुंटावर झाड दहा-बारा फुटांवर थांबते आणि तीन-चार वर्षांत फळ देते. त्याची किंमतही मोजावी लागते. ही मुळे खोल जात नाहीत, त्यामुळे उन्हाळ्याची तहान त्यांना सोसत नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

खड्डा खणण्याचे काम अण्णांनी आपल्याकडे घेतले. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. तळाशी शेणखत, वर पोयटा. दख्खनच्या मुरमाड जमिनीत आंबा-चिकू लावण्याची ही शतकानुशतके चालत आलेली रीत आहे आणि तेथे ती योग्यच आहे. लेस्टरची माती मात्र चिकण. अशा मातीत खोल खड्डा खणून तो भुसभुशीत खताने भरला की आजूबाजूचे पावसाचे पाणी त्यात येऊन साठते. खड्ड्याची विहीर होते आणि मुळे श्वासाविना कुजतात. दोन फूट खणून झाल्यावर कुंपणापलीकडून शेजाऱ्यांचा आवाज आला. हातवारे, तुटके इंग्रजी आणि लेकीची दुभाषी मदत अशा मार्गाने चर्चा झाली आणि अण्णांनी काहीशा नाखुशीने निम्मा खड्डा पुन्हा बुजवला.

त्या दिवशी जे ठरले ते असे. खड्डा मुळांच्या उंचीइतकाच खोल, पण पसरट. कडा फावड्याने गुळगुळीत झालेल्या असतील तर त्या काट्याने ओरबाडून घ्यायच्या, म्हणजे मुळांना वाट सापडते. कलमाचा सांधा, म्हणजे खालचा जो किंचित बाक दिसतो तो, जमिनीपासून चार बोटे तरी वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर वरच्या नासपतीला स्वतःची मुळे फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो. खणलेलीच माती परत भरायची, खत मिसळायचे नाही. पायाने हलकेच दाबायची. शेजारी एक आधाराची काठी, आणि बांधायला सैल पट्टी. ही पट्टी दरवर्षी तपासून ढिली करावी लागते. न केल्यास खोड जाड होताना ती त्यात रुतते. दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट गवत काढून मोकळे वर्तुळ ठेवायचे, कारण हिरवळ दिसायला सोज्वळ असली तरी कोवळ्या झाडाचे पाणी आणि अन्न तीच आधी पिते. त्या वर्तुळात वरून दोन-तीन इंच कुजलेल्या खताचे आच्छादन; मात्र खोडाला टेकवायचे नाही. उसाच्या पाचटाचे आच्छादन अण्णांना ठाऊक होते, तेवढ्या मुद्द्यावर शेजाऱ्यांशी त्यांचे चटकन जमले.

एप्रिलमध्ये व्हिसाची मुदत संपत आली. काठीवर कळ्या फुगून हिरवी टोके दिसू लागली त्याच आठवड्यात उभयता परत निघाले. विमानतळावर नातीला कुशीत घेऊन झाल्यावर अण्णांनी लेकीला बजावले, "पाणी रोज थोडं थोडं घालू नकोस. आठवड्यातून एकदा, पण पोटभर."

हा सल्ला त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतला होता, पण दिला आपला म्हणून. वरवर शिंपलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात. एका वेळी दोन बादल्या सावकाश मुरवल्या तर ती खाली उतरतात.

त्या वर्षीच्या जुलैची इंग्लंडमध्ये अजून आठवण निघते. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले; त्या देशात पारा चाळिशीपार जाण्याची ती पहिलीच वेळ. सांगलीकरांना चाळीस अंशांचे काय कौतुक? पण घरे, माणसे आणि झाडे तिथल्या हवेला बेतलेली. लेक बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झाली होती, लहानगी पाळणाघरात आजारी पडत होती, जावई दुसऱ्या शहरात कामाला. तीन आठवडे झाडाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. गेले तेव्हा पाने कडेने तपकिरी होऊन वळली होती आणि शेंडा मान टाकून होता. लेकीने फोनवर चित्र दाखवले आणि तिला रडू आले. ते निव्वळ झाडासाठी नव्हते, हे आजींनी ओळखले.

अण्णांनी मात्र व्यवहाराचे विचारले. नखाने साल किंचित खरवडून पाहा. खाली हिरवे आहे की तपकिरी? शेंड्याकडे तपकिरी होते, वीतभर खाली हिरवे. "मग माल बुडाला नाही. उशिरा का होईना, वसूल होईल." त्या रात्रीपासून आठ दिवस, सांगलीत मध्यरात्र उलटलेली असताना, फोनवरून पाणी घालण्यावर देखरेख झाली. सप्टेंबरात खालच्या डोळ्यांतून चार नवी पाने आली. वाळलेला शेंडा हिवाळ्यात छाटला. तसे पाहता, पहिल्या वर्षी शेंडा छाटून फांद्या फुटू देणे हे नासपतीच्या शास्त्रातच आहे. नियमाने करायचे ते काम उन्हाने परस्पर उरकले होते.

२०२३ च्या वसंतात उभयता पुन्हा गेले. झाडाला पांढरा फुलोरा आला होता. नासपती सफरचंदाच्याही आधी फुलते, त्यामुळे एप्रिलमधल्या एखाद्या गोठवणाऱ्या रात्रीत सगळा बहर काळा पडू शकतो. तशा रात्री झाडावर हलके पांढरे कापड पांघरतात आणि सकाळी मधमाश्यांसाठी काढून घेतात. अण्णा पहाटे उठून हे काम करीत. कॉन्फरन्स काही प्रमाणात एकटीही फळते, पण सोबतीला दुसरा वाण असला तर अधिक चांगली. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या वडिलांनी लावलेले विल्यम्स जातीचे जुने झाड होते. मधमाश्यांनी कुंपण मानले नाही. मेमध्ये करंगळीएवढी सात फळे धरली.

आणि घरात मतभेद झाला. शेजारी म्हणाले, पहिली एक-दोन वर्षे फळे धरू देऊ नयेत, सगळी खुडावीत. मुळे आणि फांद्या तयार होण्याच्या वयात झाडाने फळांवर खर्च करू नये. त्यातून हे झाड आधीच उन्हात होरपळलेले. लेकीला ते पटले. अण्णा ऐकेनात.

"दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक परत लावतात का? ही भवानी आहे. भवानीला नाही म्हणायचं नसतं."

वरवर व्यापाऱ्याचा हा युक्तिवाद होता. खरे कारण अण्णा सांगत नव्हते. ते शहात्तर वर्षांचे होते. सांगलीच्या डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेविषयी काही सांगितले होते आणि ते लेकीला कळू द्यायचे नाही असे पतीपत्नींमध्ये ठरले होते. फळे यंदा खुडली तर पुढची कधी, आणि ती पाहायला आपण येऊ की नाही, हा हिशेब ते मनाशी मांडत होते. त्या देशात अशी समजूत आहे की अक्रोड आणि नासपती लावायची ती वारसांसाठी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील डॅन्व्हर्स येथे गव्हर्नर एंडिकॉट यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लावलेली नासपती अजून उभी आहे. १९६४ साली कोणा उपद्रवी लोकांनी ती कापून जवळपास बुंध्यावर आणली, तरी ती पुन्हा फुटली. पावणेचारशे वर्षांच्या आयुष्याचे झाड आणि शहात्तरीतला माणूस यांच्या घाईचा मेळ बसणे अवघडच.

निकाल आजींनी दिला. त्यांचे माहेर तासगावचे, द्राक्षबागेतले. "वेल तयार होईपर्यंत माझे वडील घड धरत नसत. दारात आलेला व्यापारी परत लावायचे. तुम्हीच सांगायचा ना, कच्च्या भांडवलावर धंदा करू नये?"

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कात्री घेऊन सहा फळे स्वतः खुडली. सातवे पानांआड होते. लेकीने ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले. जूनच्या सुरुवातीला तेही काळे पडून गळाले. आत बारीक अळ्या होत्या. नासपतीच्या लहान फळांना हा माशीचा उपद्रव होतो. गळलेली फळे तत्काळ उचलून बागेबाहेर केली तर मातीत उतरून पुढच्या वर्षी परत येणारी संख्या घटते. अण्णांनी ते फळ उचलले, हातावर घेऊन थोडा वेळ पाहिले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

पुढच्या वर्षी त्यांना जाता आले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली; लेकीला तेव्हाच सगळे कळले आणि ती दोन आठवडे येऊन, पुष्कळ रागावून, परत गेली. झाडावर मात्र त्या वर्षी एकोणीस फळे धरली. त्यांतली दाटीची आठ जुलैपूर्वी काढून विरळणी केली. या वेळी कोणाची हरकत आली नाही. उरली अकरा.

नासपती झाडावर पिकू द्यायची नसते, हे लोकांना ठाऊक नसते. ती आतून पिकते. बाहेरून पिकलेली दिसेपर्यंत गाभा मऊ पडून बिघडलेला असतो. म्हणून फळ कठीण असतानाच तोडायचे. तळहातावर घेऊन हलकेच वर उचलायचे. देठ सहज सुटला तर वेळ झाली. नंतर थंड जागी ठेवून, लागेल तशी घरात आणून पिकवायची आणि देठाजवळ अंगठ्याने दाबून पाहायचे. लेकीने फोनवर हे सर्व वाचून दाखवले तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हणजे आढीच की. आंब्यासारखी. एकावर एक रचू नकोस, आणि रोज बघ, एक नासली तर बाकीच्यांना लावेल."

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी तोडणी झाली. पावणेतीन वर्षांच्या नातीला वर उचलून धरले होते, आणि पहिले फळ तिच्याच हातात सुटले. एखादे सांगलीला पाठवावे असे लेकीच्या फार मनात होते. पण ताजी फळे परदेशातून भारतात आणायची तर नियम पाहावे लागतात, एका नासपतीसाठी तो खटाटोप कोण करणार? दोन शेजाऱ्यांना गेली. दहा दिवसांनी पहिली कापली तेव्हा फोन समोर ठेवला होता.

"गोड आहे का?" अण्णांनी विचारले.

नातीचे तोंड भरलेले होते. तिने मान हलवली.

"वजन किती भरलं सगळ्यांचं?"

"पावणेदोन किलो, अण्णा."

अण्णांनी उशाजवळची वही ओढली. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून तिच्यात औषधांचा खर्च तेवढा लिहिला जात होता. जमेची बाजू बरेच दिवस कोरी होती. तेथे तारीख घालून त्यांनी लिहिले: नासपती, नग ११, वजन पावणेदोन किलो, लेस्टर. आणि आजींना म्हणाले, "त्या शेजाऱ्यांना दोनच दिल्या? तीन द्यायला हव्या होत्या. मधमाश्या त्यांच्याच झाडावरून आल्या."