बापाची सही

चंडीगडात जाहिरातफलकांना बंदी आहे, म्हणून व्हिसावाले वर्तमानपत्रातून घरात शिरतात. या आठवड्याच्या पुरवणीत पान भरून बर्फ, बर्फात हसणारे आजोबा आणि आई-वडिलांना कॅनडात बोलावून घेण्याचं आवाहन. आजोबांच्या हाती बाबागाडी. जाहिरातवाले चुकून खरं बोलले!

आमच्याकडे सेक्टरचा आकडा जितका लहान तितका माणूस मोठा. (यावर मागे रागाची पत्रं आली होती. मत बदललेलं नाही.) निवृत्तीनंतरही दारावर ‘आयएएस, रिटायर्ड’ राहतं आणि सुखना तलावावर फिरताना नावाआधी हुद्दा चालत असतो. पुण्याने हसू नये. तिथे पाटीवर हुद्द्याऐवजी सूचना असतात, एवढंच.

या माणसाचं खरं वतन म्हणजे त्याची सही. शिपायाच्या पोरापासून शेजारणीच्या भाच्यापर्यंत सगळ्यांच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ शिक्का आणि खाली साहेबांची हिरवी शाई. 2014 मध्ये केंद्राने स्वसाक्षांकनाचा आग्रह धरला, तेव्हाच निम्मा रुबाब उतरला. उरलेला मुलाच्या शैक्षणिक कर्जाला जामीन राहण्यात कामी आला.

आणि आता? तो मुलगा कॅनडात स्थिरावला. आई-वडिलांना दीर्घ मुक्कामासाठी तिकडे बोलावायचं, तर त्यासाठीच्या सुपर व्हिसाचं आमंत्रणपत्र मुलगा लिहितो, खर्चाची हमी मुलगा देतो. बापाने किमान 1 लाख डॉलरचा आरोग्यविमा दाखवायचा. 2022 पासून एका खेपेत 5 वर्षं राहता येतं, पण नोकरी करायची नाही. कायमचं राहायचं असेल तर क्युबेक सोडून सगळीकडे मुलाची हमी 20 वर्षांची. म्हणजे साठीला गेलेला बाप ऐंशीपर्यंत पोराच्या सहीवर. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांना खरेपणा देणारे साहेब आता स्वतःच अर्जासोबतचं जोडपत्र!

ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर खोऱ्यात वजनावर मजुरी घेऊन ब्लूबेरी तोडणाऱ्या पंजाबी म्हाताऱ्यांबद्दल इथे फार हळहळ चालते. मजुरी तुटपुंजी, उन्हात पाठ मोडते, सगळं मान्य. पण होशियारपूरच्या शेतकऱ्याचे हात तिकडे निदान ओळखीचं काम करतात, आणि संध्याकाळचे पैसे त्याचे स्वतःचे असतात. साहेबांना बस कुठली पकडायची हेही सुनेला विचारावं लागतं. माझी हळहळ त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे, आणि तीही बेताचीच. कारण त्यांच्या दारातल्या बाकावर लोक किती तास बसत, ते मी पाहिलेलं आहे.